मंचाकडे पाठ करून बसणारा

चिखलीच्या बाजार समितीच्या आवारात कोणत्याही पुढाऱ्याची सभा असली, की एक माणूस आपली खुर्ची उचलून उलटी फिरवायचा आणि मंचाकडे पाठ करून बसायचा. समोर लोक, पाठीमागे पुढारी. लोक आधी हसायचे, मग चुळबुळ करायचे, कारण हा माणूस हाताची घडी घालून त्यांच्या तोंडाकडे बघत असायचा. एकदा एका पुढाऱ्यानं भाषण थांबवून माईकवरून विचारलं, "ते पाठमोरे पाहुणे कोन हायेत? इकडं तोंड करा ना भाऊ. आमी काय इतके वाईट दिसतो का?"

सभा खो खो हसली. भाऊंनी मान वळवली नाही. मोठ्यानं म्हणाले, "तुमचं ऐकू येऊन राह्यलं साहेब, बोला तुमी. कोनाकोनाले पटून राह्यलं ते मी पाहून राह्यलो."

सभा आणखी हसली. पुढाऱ्याला हसू आलं नाही.

सगळा तालुका त्यांना भाऊ म्हणायचा, मीही. चिखलीपासून जवळच्या एका गावात त्यांचं वावर होतं. वांगी, मिरची, मेथी, कोथिंबीर म्हणजे आमचा सांबार, असं लावायचे आणि आठवडी बाजारात स्वतः दुकान मांडायचे. उरलेल्या वेळात सिनेमे काढायचे. खरं तर उलट म्हणायला हवं: सिनेमातून वेळ उरला की भाजी विकायचे. मी त्यांचा मिक्सिंगवाला. लग्नाची शूटिंग कापून-जोडून सीडी करून देणाऱ्याला आमच्याकडे मिक्सिंगवाला म्हणतात. शहरात त्यालाच संकलक म्हणतात हे मला फार उशिरा कळलं.

हे सगळं लिहायचं कारण म्हणजे बुलढाण्यात एका विद्वान माणसानं, चांगल्या मनानं आणि अभ्यास करून, असं ठरवलं की भाऊ दिग्दर्शक नव्हतेच. ते मला मान्य नाही. मी भांडखोर माणूस नाही. कोणी माझ्या पायावर पाय दिला तर मीच 'सॉरी' म्हणतो. भाऊ म्हणायचे, "तू बे साक्ष द्याले कोर्टात गेला तं शिक्षा घेऊन घरी येशील." पण या एका गोष्टीवर मी भांडणार आहे.

झालं असं. भाऊंना जाऊन आता दोन उन्हाळे झाले. बुलढाण्याच्या एका कॉलेजात चित्रपट मंडळ आहे. ते चालवणारे प्राध्यापक आमच्या भागातले जुने, हौशी सिनेमे गोळा करून कॉलेजच्या संग्रहात ठेवतात. भाऊंचे सातही सिनेमे त्यांनी मागून घेतले, पाहिले, पुन्हा पाहिले. मग एक दिवस मला फोन आला.

"प्रत्येक सिनेमाच्या सुरुवातीला आम्ही एक पाटी जोडतो," सर म्हणाले. "कोणाचा सिनेमा ते कायमचं लिहिलं जातं. मला वाटतं, 'दिग्दर्शन' या शब्दाखाली तुमचं नाव यायला हवं."

"माझं?"

"हे बघा, या सिनेमांची एकच खूण आहे. बोलणारा माणूस पडद्यावर दिसत नाही. ऐकणारा दिसतो. ही गोष्ट तुम्ही सुरू केलीत ना? तुम्हीच मला सांगितलंत."

मी सांगितलं होतं. खरंच होतं ते. सर म्हणाले, "मग सिनेमाचे खरे कर्ते तुम्ही."

त्यांनी एक फ्रेंच शब्दही सांगितला, ओत्यर. ज्याचं हस्ताक्षर प्रत्येक सिनेमात ओळखू येतं असा दिग्दर्शक. मी 'विचार करून सांगतो' म्हणालो आणि फोन ठेवला. मग दुकानात बसून तो शब्द दोनचारदा पुटपुटून पाहिला. खोटं कशाला बोलू, गोड लागला. बायकोला सांगितला, तीही खूश झाली. त्या आठवड्यात मी दुकानाची काच दोनदा पुसली.

आता मी काय सुरू केलं ते सांगतो.

भाऊंचा पहिला सिनेमा म्हणजे 'पाहुणे उठले नाहीत'. मुलगी पाहायला आलेले पाहुणे चहापोहे झाले तरी जातच नाहीत, एवढीच गोष्ट. कॅसेटच्या कॅमेऱ्याचे दिवस होते. कॅमेऱ्याच्याच माईकवर आवाज घेतलेला, आणि आमच्या पठारावरचा वारा. सगळ्या सिनेमाभर ताडपत्री फडफडावी तसा आवाज. म्हणून माझ्या दुकानात मंडळी बोलावून आवाज पुन्हा भरायचं ठरलं. पण गावातला माणूस तेच वाक्य दुसऱ्यांदा तसंच म्हणत नाही. मुलीच्या बापाचं काम करणारा आमचा पिठाच्या गिरणीवाला पडद्यावर ओठांनी 'बैल' म्हणायचा आणि माईकसमोर 'ट्रॅक्टर'.

"अरे बैल म्हन ना बे!" भाऊ ओरडायचे.

"आता बैल कोन ठेवते भाऊ? इकून टाकला मी."

ओठ आणि आवाज जुळेनात. सगळा सिनेमा वाया जाणार असं दिसलं. मग मी कॅसेट पुन्हा चाळल्या आणि मला खजिना सापडला. भाऊंना एक खोड होती. शॉट झाला की ते कॅमेरा बंद करायला विसरायचे. कॅमेरा तसाच चालू ठेवून ते कोणालातरी झापायचे: "तुह्या मायनं तुले चहाचा कप धराले नाई शिकोलं का?" आणि कॅमेऱ्यासमोर उरलेली माणसं ते ऐकत उभी असायची. कोणी हसू दाबतंय, कोणी खाली बघतंय, कोणाचे कान लाल झालेत. मी तेच तुकडे उचलले. जिथं ओठ जुळत नव्हते तिथं बोलणारा काढून टाकला आणि हे चेहरे लावले. आवाज मुलीच्या बापाचा, चेहरा ऐकणाऱ्याचा. ठिगळ लावलं, दुसरं काही नाही. लोकांना कळू नये एवढीच माझी इच्छा.

भाऊंनी ते पाहिलं. पुन्हा लावायला सांगितलं. मी म्हणालो, "भाऊ, चुकलं असेल तर काढून टाकतो."

"हात लावू नको," ते म्हणाले. "हा पोरगा पाह्य. सिनेमात याले इचारून राह्यले, पोरगी पसंत हाय का. पन तवा तो माह्या शिव्या खाऊन राह्यला होता. म्हनून त्याचं तोंड असं झालं. खरं ऐकलं त्यानं, म्हनून खरं दिसते."

मला फक्त ओठ लपवायचे होते. त्यांना त्यात काय दिसलं ते मला त्या दिवशी कळलं नाही. सरांनाही ते कळलेलं नाही, आणि त्यांचा काही दोष नाही, कारण पुढचं मी त्यांना सांगितलंच नव्हतं.

त्या सिनेमानंतर भाऊंनी बोलणाऱ्याचं तोंड म्हणून दाखवलं नाही. सिनेमात नाही, लग्नातही नाही. तेव्हा ते लग्नाच्या शूटिंगच्या ऑर्डरी घ्यायचे. आमच्याकडे मंगलाष्टकांच्या आधी माईकवरून आलेल्या पाहुण्यांची नावं घेतात. अमुक गावचे अमुक पाटील, अमुक सरपंच, मामा, मावसे. अर्धा तास ते चालतं, आणि ज्याचं नाव राहिलं तो वर्षभर आठवण ठेवतो. कॅमेरावाले त्या वेळी स्टेज दाखवतात. भाऊंनी एका लग्नात सगळा वेळ मांडवातल्या लोकांची तोंडं घेतली. नाव घेतलं गेल्यावर टोपी सारखी करणारे, आपलं नाव कधी येतं म्हणून पान चघळायचं थांबवणारे, आणि नवरदेवाचे थोरले काका. त्यांचं नाव राहून गेलं होतं. काका मांडवात एक शब्द बोलले नव्हते, हसतमुखानं जेवून गेले होते. पण सीडीत त्यांचा चेहरा चांगला पाच मिनिटं होता. घरच्यांनी एकत्र बसून सीडी पाहिली, काकांनीही पाहिली, आणि मिटलेलं भांडण पुन्हा पेटलं. नवरदेवाचा बाप माझ्या दुकानात येऊन म्हणाला, "अरे, सून कुठी हाय याच्यात? सून दाखव मले!"

भाऊ तिथेच बसले होते. म्हणाले, "सून तुमच्या घरी हाय. तिले रोज पाह्यजा. काकाचं तोंड तुमाले कोन दाखवनार होतं?"

त्यानंतर भाऊंना लग्नाची ऑर्डर मिळाली नाही. त्यांना त्याचं काही वाटलंही नाही. सिनेमे खपवायची त्यांची रीत वेगळीच होती. बाजारात दुकानावर वांग्यांच्या ढिगाशेजारी सीड्यांचा ढीग असायचा. पावशेर मिरची घेतली की सीडी पिशवीत पडलीच. बाया भांडायच्या, "भाऊ, सीडी ठेवा तुमाले, थोडा सांबार टाका." तेव्हा भाऊ सीडीही टाकायचे आणि सांबारही. हेच प्राध्यापक त्यांच्या तरुणपणी एकदा त्या दुकानावर येऊन अदबीनं म्हणाले होते, "तुमच्या शैलीबद्दल थोडं बोलायचं होतं." भाऊंनी तराजू उचलला. "घ्याचं काय हाय?" सर दोन किलो वांगी घेऊन गेले. शैलीबद्दल बोलणं झालं नाही.

एका गोष्टीचं मला फार हसू येतं. आयुष्यभर ऐकणाऱ्यांची तोंडं दाखवणारा हा माणूस स्वतः कोणाचंच ऐकायचा नाही. खामगावच्या एका धनिकानं त्यांच्या चौथ्या सिनेमासाठी नवा कॅमेरा, जीप, चहापाणी सगळं दिलं, अट एकच: हिरो मी. शेवटी पंचायतीसमोर त्याचं लांबलचक भाषण होतं. भाषण झालं, आणि पडद्यावर दिसली ती पंचायतीच्या कडेला बसलेली एक म्हातारी, भाषण ऐकताना.

"भाऊ, माहं तोंड कुठी हाय?"

"त्या म्हातारीच्या तोंडात पाहा. तुमी किती चांगलं बोलले ते तिथंच दिसून राह्यलं."

"मले माहं तोंड माह्याच तोंडावर पाह्यजे!"

मी भाऊंना कोपऱ्यात नेऊन विनवलं. म्हटलं, एक शॉट द्या त्यांचा, एकच, काय बिघडतं. म्हणाले, "तुले काय बिघडते ते दिसत असतं तं तू मिक्सिंग करत बसला असता का?" मला लागलं ते. धनिक कॅमेरा घेऊन गेला. पुढचे तीन सिनेमे भाऊंनी एका मोडक्या कॅमेऱ्यावर केले. नंतर कॉलरला लावायचे चांगले माईक आले, फोनसुद्धा चांगले आले. ओठ जुळायची अडचण कधीच संपली होती. भाऊंचा हट्ट मात्र तसाच राहिला.

आता जे सरांना सांगितलं नव्हतं ते.

भाऊ शूटिंगला ऐकणाऱ्याला कॅमेऱ्यासमोर बसवायचे. बोलणारा कॅमेऱ्यामागे, भाऊंच्या खांद्याशी. ऐकणाऱ्याला माहीत असायचं की आता अमुक संवाद येणार. भाऊ मात्र बोलणाऱ्याच्या कानात आधी दुसरंच काही सांगून ठेवायचे. सिनेमाशी संबंध नसलेलं, त्या माणसाच्या आयुष्यातलं. ते ऐकून समोरच्याचा चेहरा जो व्हायचा तो ते घ्यायचे. नंतर माझ्या दुकानात त्या खऱ्या शब्दांवर सिनेमाचा साधा संवाद भरला जायचा, आणि खरे शब्द कायमचे पुसले जायचे. म्हणून त्यांच्या सिनेमात कोणी नुसतं "पाणी सोडू का?" म्हणतं आणि ऐकणारा असा बघतो, जणू घरातलं कोणी गेल्याचं सांगितलंय. पहिल्यांदा बघणारा हसतो. मग त्याचं हसू विरतं.

बोलणारा आणि ऐकणारा सोडले तर ते खरे शब्द दोघांच्याच कानात असायचे, भाऊंच्या आणि माझ्या. शूटिंगला आवाज मीच घ्यायचो, हेडफोन माझ्या डोक्यावर असायचा.

गिरणीवाल्याचा तो शॉट मला अजून झोपू देत नाही. त्याचा जिवलग मित्र वारला तेव्हा हा गावात असून मातीला गेला नव्हता. का गेला नाही ते कोणी विचारलं नव्हतं. भाऊंनी त्या मित्राच्या धाकट्या भावाला कॅमेऱ्यामागे उभं केलं आणि 'पाणी सोडू का?'च्या जागी त्यानं विचारलं, "तुमी काऊन नाई आले?" गिरणीवाला कॅमेऱ्याकडे बघत राहिला. मग उठला, टोपी झटकली, आणि निघून गेला. वर्षभर तो भाऊंशी बोलला नाही. त्याच्याकडचं आमचं दळणसुद्धा बंद झालं. काय विचारलं जाणार हे मला आधी माहीत होतं. मी हेडफोन काढला नाही. उलट आवाज नीट येतोय ना हे पाहिलं.

पुढे एकदा भाऊ गिरणीवर गेले, दळणाच्या रांगेत उभे राहिले, आणि त्यांचा नंबर आला तेव्हा गिरणीवाल्यानं गिरणी बंद केली. भाऊ डबा घेऊन परत आले. असं तीनचारदा झालं. शेवटी एके दिवशी त्यानं डबा घेतला. बोलणं काही झालं नाही. पण पुढच्या सिनेमात गिरणीवाला होता, आणि तो आपल्या पायांनी आला होता. का आला ते मी त्याला विचारलं. म्हणाला, "त्यानं इचारलं तं खरं. बाकीच्यायनं तेही नाई इचारलं."

शेवटच्या सिनेमात, 'मोटार चालू आहे' मध्ये, भाऊंनी वहिनींना बसवलं. वहिनी म्हणजे त्यांची बायको. त्या कधी कॅमेऱ्यासमोर आल्या नव्हत्या. "मले नका घेऊ तुमच्या येडेपनात," म्हणायच्या. विहिरीच्या काठावर त्या बसल्या आहेत, हातात मेथीची जुडी, आणि नवरा सांगतो, "लाईट गेली." एवढाच संवाद. कॅमेऱ्यामागून भाऊ स्वतः बोलले. ते बोलले ते तीनचार वाक्यांचं होतं. वहिनींनी आधी चिडून बघितलं. मग मेथी निवडायच्या थांबल्या. मग त्यांच्या तोंडावर एक असं काही आलं की मी मान खाली घातली. शेवटी त्यांनी पदर तोंडाला लावला आणि हसल्या. हसल्या की रडल्या ते सिनेमात ठरवता येत नाही. भाऊंनी तो शॉट कापू दिला नाही. मी म्हटलं लांब होतोय. नेहमीसारखंच, ऐकलं नाही.

आणि हे आणखी एक. भाऊ असतानाच मी स्वतः एक छोटा सिनेमा केला. मलाही वाटायचं की खूण तर माझीच आहे. चांगला कॅमेरा, चांगले माईक, ऐकणाऱ्यांचेच शॉट, सगळं त्यांच्यासारखं. फक्त कोणाला दुखवायचं नाही म्हणून मी लिहिलेलेच संवाद ऐकवले. माझ्या सिनेमातली माणसं बँकेत नंबर यायची वाट बघत बसल्यासारखी दिसतात. भाऊंनी तो अख्खा पाहिला. उठताना म्हणाले, "फोटो चांगले आले." बाहेर जाऊन चप्पल घातली, परत आत आले आणि म्हणाले, "तू चांगला मानूस हायेस बे. त्यानंच नुकसान झालं."

हे सगळं माझ्यापाशी होतं आणि तरी सरांच्या फोननंतर मी काच पुसत बसलो होतो.

कॉलेजात 'मोटार चालू आहे' दाखवायचं ठरलं, मग चर्चा, मग पाटीचा निर्णय. मी आणि वहिनी चिखलीहून एसटीनं निघालो. वाटेत मी सांगून टाकलं. माझ्या पोटात काही राहत नाही.

"वहिनी, सर म्हणतात, दिग्दर्शक म्हणून माझं नाव टाकायचं."

त्या खिडकीबाहेर बघत होत्या. "मंग तुमी काय म्हनले?"

"अजून काही नाही."

त्या माझ्याकडे वळल्या. "यंदा कांदा नका लावू म्हनलं त्यायले, कांदा लावला. दवाखान्यात चला म्हनलं, नाई आले. त्यायनं जन्मभर माहं एक ऐकलं नाई. तुमचं ऐकलं कधी?"

"नाही."

"एखांद्या टायमाले तरी?"

"नाही वहिनी."

"मंग त्यायचे सिनेमे तुमचे कसे काय झाले?" आणि त्यांनी पिशवीतून शेंगदाणे काढून माझ्या हातावर ठेवले. विषय संपला. माझ्या लेखी तो प्रश्नच संपला.

हॉल बऱ्यापैकी भरला होता. सिनेमा झाला. 'लाईट गेली' आलं तेव्हा पोरं हसली आणि मग गप्प झाली, नेहमीसारखी. वहिनी पहिल्या रांगेत माझ्या शेजारी मांडीवर पिशवी घेऊन बसल्या होत्या. मग सर बोलले, आणि चांगलं बोलले. म्हणाले, भाऊंबद्दल मला आदर आहे. पण जी शैली वाऱ्यामुळे आणि खराब माईकमुळे जन्माला आली, आणि जिचं पहिलं पाऊल मिक्सिंगच्या टेबलावर पडलं, तिचा कर्ता कोण? लोभ वाटतो म्हणून आपण कोणालाही ओत्यर म्हणायचं का? मग त्यांनी माझ्याकडे हात केला. टाळ्या झाल्या. मी उठलो. 

"सर, पहिलं ठिगळ माझं. ते मी कबूल करतो. पण मी ठिगळ लावलं ते झाकायला. भाऊंनी ते बघितलं आणि सांगितलं की सिनेमा हाच आहे. पुढे झाकायची गरज उरली नाही, तरी सहा सिनेमे त्यांनी तसेच केले. त्यासाठी कॅमेरा घालवला, लग्नाच्या ऑर्डरी घालवल्या, माणसं घालवली. मी प्रत्येक वेळी त्यांना अडवलं. माझं ऐकलं असतं तर हे सिनेमे तुमच्या संग्रहात आलेच नसते. मी तसा सिनेमा काढून पाहिलाय. तो मागू नका, मी देणार नाही."

पोरं हसली. मग मी हेडफोनची गोष्ट सांगितली. गिरणीवाल्याची. कान देऊन ऐकत होते सगळे.

"म्हणजे नटांना फसवून?" सर म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता.

"हो."

"मग ही कला आहे की क्रूरपणा?"

"दोन्ही असेल सर. तुम्ही ठरवा. पण जे काही आहे ते त्यांचं आहे. नाव त्यांचं आणि पापही त्यांचंच. मला त्यातलं हेडफोनपुरतं पाप द्या, आणि पाटीवर खाली लिहा, मिक्सिंग. संकलन लिहू नका. मिक्सिंग लिहा. आणि वर दुसऱ्या कोणाचं नाव येणार असेल तर मी या सीड्या उचलून घरी नेतो. मग बाजारात भाजीबरोबर वाटेन."

एवढं मोठ्यानं मी माझ्या लग्नातही बोललो नव्हतो. सर हसले नाहीत, रागावलेही नाहीत. म्हणाले, माझं मत बदललेलं नाही, कोणी अडवू शकलं नाही एवढ्यानं माणूस कर्ता होत नाही. या सिनेमांवरच्या माझ्या लेखात मी तसं लिहीन. पण पाटीवर तुम्ही म्हणता तसंच येईल. आणि ती तशीच आली आहे.

मग त्यांना राहवलं नाही. ते खाली वाकून, फार आदरानं वहिनींना म्हणाले, "काकू, आता आम्हाला कळलं की तिथं तुम्ही दुसरंच काही ऐकलं होतं. सांगाल का? भाऊ तुम्हाला नेमकं काय म्हणाले?"

 ते शब्द जगात आता दोघांनाच माहीत होते, वहिनींना आणि मला. वहिनींनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी पोटात काही न ठेवणारा माणूस आहे, हे त्यांना पक्कं माहीत. मला जे जे कबूल करायचं होतं ते मी वर केलं आहे. हे एक मी इथंही लिहिणार नाही.

वहिनी उठून पुढे गेल्या आणि लोकांकडे वळून उभ्या राहिल्या. माईक कोणी पुढे केला तो त्यांनी हातानं बाजूला सारला.

मी माझी खुर्ची उचलली, उलटी फिरवली, आणि वहिनींकडे पाठ करून हॉलकडे तोंड करून बसलो.

"काय म्हनतीन?" मागून वहिनींचा आवाज आला. "लाईट गेली, म्हने."

पोरं हसली. सरही हसले. मग पुढच्या रांगेतली एक मुलगी हसायची थांबली. तिच्या शेजारचा थांबला. मग सर. हसू असं रांगेरांगेनं मागे मागे विरत गेलं आणि प्रत्येक जण वहिनींच्या तोंडाकडे बघत राहिला. मला वहिनी दिसत नव्हत्या. मला फक्त हे सगळे दिसत होते.

हा शॉट आता कुठं कापावा, हे मी सवयीनं मनात शोधत होतो. भाऊंनी कापू दिला नसता.